शंख नर की मादी?

हैदराबादहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी बेगम बाजारातल्या पूजासामानाच्या दुकानांत शंख आहेत, कवड्या आहेत आणि पन्साऱ्याकडे धुपात घालायचा नखलाही आहे. गोगलगाय कवचात शिरली की तोंडावर जे झाकण ओढून घेते, तेच हे नखला म्हणून विकलं जातं. शंख-शिंपल्यांवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांतली बरीचशी या भागातून आणि शेजारच्या गौळीगुडा, काचीगुडा इथल्या मराठी वाचकांकडून आली आहेत. जवळजवळ प्रत्येकाचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : या कवचात जो प्राणी होता, तो जन्माला कसा आला? म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देतो.

शंका : आजोबांच्या वेळेपासून आमचं बेगम बाजारात पूजासामानाचं दुकान आहे. कुणी गिऱ्हाईक 'नर शंख' मागतं, कुणी 'मादी'. जाड आणि जड तो नर, पातळ आणि हलका तो मादी, असं वडील सांगत. हे खरं का?

समाधान : शंखात नर आणि मादी वेगवेगळे असतात, एवढं खरं. कवचाच्या जाडीवरून ते ओळखता येतात, हे मात्र खरं नाही. आपल्या देवघरातला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम या समुद्री गोगलगायीचं कवच. मन्नारचं आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी ही तिची मोठी ठिकाणं. तुतिकोरीन आणि रामेश्वरमकडचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून ती वर काढत आले. वाळूत राहणारी ही गोगलगाय मांसाहारी आहे. वाळूत नळ्या करून राहणारे किडे हे तिचं खाणं. नराला डोक्याच्या उजव्या बाजूला, शिंगाच्या मागे शिश्न असतं. प्राणी जिवंत असेल आणि कवचाबाहेर आला असेल तरच ते दिसतं. तुमच्या दुकानात शंख येतो तो मांस काढून, घासून-पुसून. ओळखीची खूण मांसाबरोबरच गेलेली असते. कवच जाड होतं ते वयाने, खाण्याने आणि जागेने. तेव्हा नर-मादी सांगून कुणी जास्त भाव घेत असेल, तर त्या भावाला आधार नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण व्यापारी म्हणून तुम्हाला ठाऊक असायला हवी अशी एक गोष्ट यापुढची आहे. शंखात नर-मादीचा समागम होतो आणि अंडी मादीच्या शरीरातच फळतात. मग मादी वाळूत एक अंडपेटी उभारते. शिंगासारख्या चिवट द्रव्याची, मेंढ्याच्या शिंगासारखी पीळदार, आत एकावर एक कप्पे असलेली. तिचं बूड वाळूत रुतलेलं असतं, म्हणून लाटेने ती वाहून जात नाही. मद्रास प्रांताच्या मत्स्यखात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली भारतीय शंखावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. शंखाच्या अभ्यासकाला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. या पेटीतून जे बाहेर पडतं, ती पोहणारी अळी नसते. छोटंसं, पण पुरतं घडलेलं, पाठीवर कवच असलेलं शंखाचं पिल्लू सरपटत बाहेर येतं आणि आईच्याच वाळूत राहू लागतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एखाद्या पट्ट्यातले मोठे शंख एकदा उपसून नेले, की दुसरीकडची पिलं प्रवाहाबरोबर येऊन ती जागा भरून काढत नाहीत. शंख जिथला, वंश तिथलाच. जे विकतो त्याचा वंश किती लांब जातो, हे विकणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

शंका : गौळीगुड्यातून लिहिते आहे. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी दक्षिणावर्ती शंख दिला. खूप मोलाचा आहे म्हणाले. कानाला लावला तर आवाज येतो. खरा कसा ओळखायचा? आणि अशा शंखाची पिलंही दक्षिणावर्तीच होतात का?

समाधान : ताई, आधी आवाजाचं. पोकळ कवच कोणतंही असो, कानाशी धरलं की आसपासचेच आवाज त्यात घुमतात. ती खरेपणाची परीक्षा नव्हे.

शंखाचं वेटोळ्याचं टोक वर आणि उघडं तोंड आपल्याकडे करून धरा. नेहमीच्या शंखाचं तोंड आपल्या उजव्या हाताला येतं, दक्षिणावर्तीचं डाव्या. पूजेत शंख याच्या उलट धरला जातो, म्हणून शास्त्रात ज्याला डावा म्हणतात तोच परंपरेत दक्षिणावर्ती ठरतो. आता तोंडातून आत, मधल्या दांड्याकडे पाहा. खऱ्या शंखात तिथे तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात. बोटालाही त्या लागतात. वळ्या नसतील, दांडा गुळगुळीत असेल आणि खालची पन्हळ लांबट असेल, तर तो शंख आपल्या समुद्रातला नाही. मेक्सिकोच्या आखातात आणि अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर एक मोठी गोगलगाय राहते. इंग्रजीत तिला 'लाइटनिंग व्हेल्क' म्हणतात. तिच्यात बहुतेक सगळीच कवचं डावी असतात. १९८७ पासून ती टेक्सास राज्याचं अधिकृत कवच आहे. तिकडे सहज मिळणारं हे कवच भारतातल्या बाजारांत दुर्मिळ दक्षिणावर्ती म्हणून विकलं जातं. तुमचा शंख कोणता, हे त्या वळ्याच सांगतील. व्याह्यांना दोष देऊ नका. फसवणूक बहुधा त्यांच्याही आधी कुठेतरी झालेली असते.

पिलांविषयीचा तुमचा प्रश्न फार सुंदर आहे. वेटोळं डावं की उजवं, हे कवच तयार होण्याच्या कितीतरी आधी ठरतं. अंड्याच्या चार पेशी होऊन त्यांच्या आठ होतात, तेव्हा नव्या पेशी किंचित तिरप्या सरकतात आणि त्या कुठल्या बाजूला सरकल्या यावर पुढचं सगळं शरीर वळतं. २००९ साली जपानच्या रेको कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या या आठ पेशी बारीक काचकाडीने उलट्या बाजूला ढकलल्या, तर उजव्या वंशाची पिलं डाव्या वेटोळ्याची निघाली. पेशी कुठे सरकणार, हे ठरवणारा माल अंड्यात आईने आधीच भरून ठेवलेला असतो. त्यामुळे या गोगलगायींत पिल्लाचं वेटोळं त्याच्या स्वतःच्या जनुकांवर चालत नाही, आईच्या जनुकांवर चालतं. डाव्या आईला उजवी पिलं आणि उजव्या आईला डावी पिलं होण्याचं कारण हेच. १९२३ साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी हा उलगडा केला.

कधी कधी वारशाचा यात काहीच संबंध नसतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अँगस डेव्हिसन यांना २०१६ मध्ये डाव्या वेटोळ्याची एक बागेतली गोगलगाय मिळाली. तिचं नाव त्यांनी जेरेमी ठेवलं आणि तिच्यासाठी डावा जोडीदार मिळावा म्हणून लोकांना आवाहन केलं. जोडीदार मिळाले, पिलं झाली, आणि ती उजवी निघाली. जेरेमीचं डावेपण वाढीतल्या अपघातातून आलं होतं.

शंका : काचीगुड्याच्या आमच्या घरात तुळजाभवानीची परडी आणि कवड्यांची माळ आहे. माळेत लहान-मोठ्या कवड्या आहेत. लहान कवडी समुद्रात राहिली असती तर मोठी झाली असती का? कवडी अंडी घालते का?

समाधान : लहान कवडी मोठी झाली नसती. कवडीचं बालपण फार वेगळं असतं. पिल्लाचं कवच पातळ, फुगीर, मोठ्या उघड्या तोंडाचं. पाहणाऱ्याला ही कवडी आहे हे सांगूनही पटत नाही. वयात येताना कवचाची कड आत वळते, जाड होते आणि दोन्ही ओठांवर दात येतात. एकदा ओठ वळले की लांबी वाढणं थांबतं. पुढे फक्त कवच जाड होत जातं. म्हणजे तुमच्या माळेतल्या दात असलेल्या लहान-मोठ्या सगळ्या कवड्या प्रौढच आहेत. कुणाची अंगकाठी लहान, कुणाची मोठी. पैसा म्हणून चाललेली पिवळसर कवडी मालदीव आणि लक्षद्वीपकडची. ती साधारण दोन-तीन सेंटिमीटरचीच असते. पाठ इतकी गुळगुळीत का, तर जिवंतपणी प्राणी आपल्या अंगाचा मऊ पदर दोन्ही बाजूंनी वर ओढून पाठ झाकून घेतो. त्या पदरातूनच चकाकीचे थर चढत जातात.

कवडी अंडी घालते, आणि ती राखतेही. मादी खडकाच्या किंवा पोवळ्याच्या आडोशाला अंड्यांच्या पिशव्यांचा पुंजका घालते आणि पाय पसरून त्यावर बसून राहते. डिवचलं तरी सहसा हलत नाही. फुटून बाहेर येतात त्या पोहणाऱ्या अळ्या. 'व्हेलिजर' हे अशा अळीचं शास्त्रातलं नाव. डोक्याशी केसाळ पाळ्या असतात, त्या हलवत ती तरंगते, खाते आणि प्रवाह नेईल तिकडे जाते. शंखाच्या पिलाच्या अगदी उलट. अशा अळ्या किती काळ तरंगू शकतात? उत्तर पॅसिफिकमधल्या एका गोगलगायीची अळी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत साडेचार वर्षं पोहत राहिली आणि मग तळाला बसली. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. सगळ्याच अळ्या इतक्या चिवट नसतात. तरीही अळी पोहणारी असल्यामुळे कवडी बेटा-बेटांवर पसरते. आईचा खडक मात्र शाबूत राहायला हवा. खडक उलटून कवड्या वेचणारे तो परत सरळ ठेवत नाहीत, आणि उघड्यावर पडलेली अंडी मरतात.

शंका : मी दहावीत आहे. सर म्हणाले की काही समुद्री गोगलगायी आधी नर असतात आणि नंतर मादी होतात. वर्गात सगळे हसले. हे खरं आहे का? असेल तर कशासाठी?

समाधान : सरांनी अगदी बरोबर सांगितलं, आणि तू 'कशासाठी' विचारलंस याचा मला फार आनंद झाला. सगळ्या गोगलगायी असं करत नाहीत. शंख करत नाही, कवडी करत नाही. ज्या करतात त्यांत सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो क्रेपिड्युला फॉर्निकाटाचा. मूळची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ही गोगलगाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कालवांबरोबर इंग्लंडला पोचली आणि मग युरोपच्या किनाऱ्यांवर पसरली. ती फिरत नाही. एकीच्या पाठीवर दुसरी, दुसरीच्या पाठीवर तिसरी, अशी चळत करून राहते. तळाशी सगळ्यात मोठी आणि जुनी, ती मादी. वरच्या लहान, त्या नर. मधली एखादी बदलाच्या वाटेवर. पोहणारी अळी चळतीवर येऊन बसते, नर होते आणि खालच्या मादीशी समागम करते. मादी अंडी आपल्या कवचाखाली सांभाळते. तळची मादी मेली की तिच्या वरचा मोठा नर मादी होतो : शिश्न विरून जातं, शुक्रपेशी बनणं थांबतं, त्याच ग्रंथीत अंडी बनू लागतात आणि अंड्यांसाठी लागणाऱ्या नलिका तयार होतात. मग ती परत नर होत नाही.

आता कशासाठी. शुक्रपेशी इवल्याशा, त्या बनवायला शरीर मोठं असावं लागत नाही. अंड्यात मात्र पिलाची शिदोरी भरायची असते. जितकं अंग मोठं तितकी अंडी जास्त. म्हणून लहानपणी नर आणि मोठेपणी मादी असं आयुष्य जगणाऱ्याची पिलं एकूण जास्त होतात. १९६९ साली मायकेल गिसेलिन यांनी हा विचार मांडला आणि तो अनेक प्राण्यांत टिकला.

बदल केव्हा करायचा हे गोगलगायीला कसं कळतं? पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेत रेचल कॉलिन यांच्या प्रयोगशाळेत क्रेपिड्युलाच्या दुसऱ्या एका जातीचे दोन-दोन नर एकत्र ठेवले. जो मोठा होता तो लवकर मादी झाला; लहान्याने आपला बदल लांबवला. मग दोघांच्या मध्ये जाळी लावली. पाणी एकच, पण स्पर्श नाही. तेव्हा हा फरक उरला नाही. पाण्यात मिसळणारी रसायनं हेच कारण असेल असा बऱ्याच जणांचा अंदाज होता. २०१५ च्या या प्रयोगात स्पर्शच निर्णायक निघाला. एवढा मोठा प्रश्न पेले, पाणी आणि जाळी यांवर सुटू शकतो, हे तुझ्या वर्गाला जरूर सांग.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर जॅन्थिना. निळी-जांभळी, नाजूक कवचाची ही गोगलगाय बुडबुड्यांचा तराफा करून त्याला उलटी लोंबकळत भर समुद्रात तरंगते. जोराच्या वाऱ्यात ती किनाऱ्याला लागते. तीही आधी नर, नंतर मादी. नराला शिश्नच नसतं. शुक्रपेशींनी लगडलेली एक मोठी वाहक पेशी तिच्यात बनते आणि तीच शुक्रपेशी मादीपर्यंत नेते.

शंका : रत्नागिरीकडचे आम्ही, नोकरीने हैदराबादला. कालवंही लिंग बदलतात का?

समाधान : हो. कालव गोगलगाय नव्हे, दोन शिंपांचा प्राणी. पण खाडीतली बरीच कालवं पहिल्या खेपेला नर आणि पुढे मादी असतात.

शंका : घरच्या काचेच्या टाकीत शोभेच्या पाणवनस्पतीबरोबर एकच गोगलगाय आली होती. महिन्याभरात पंचवीस झाल्या! जोडीदार नसताना हे कसं?

समाधान : टाकीत हमखास येणारी छोटी, पातळ कवचाची, डाव्या वेटोळ्याची फायसेला ही गोड्या पाण्यातली आहे आणि ती उभयलिंगी असते. एकाच अंगात अंडी आणि शुक्रपेशी दोन्ही. जोडीदार नसेल तर ती स्वतःच स्वतःची अंडी फळवते, आणि आधी समागम झाला असेल तर ती शुक्रपेशी साठवूनही ठेवते. घाबरू नका, माशांना ती अपाय करत नाही. खाणं कमी टाका, संख्या आपोआप आटोक्यात येईल.

शंका : थोरला मुलगा वास्कोला बोटींच्या कामात आहे. तो सांगत होता की बोटींच्या रंगामुळे गोगलगायींच्या माद्यांचे नर होतात. तुम्ही सांगता तो लिंगबदल हाच का?

समाधान : नाही, आणि हा फरक स्पष्ट व्हायलाच हवा. क्रेपिड्युलात घडतं ते तिच्या आयुष्याचा भाग आहे. तुमचा मुलगा सांगतो ती विषबाधा आहे.

बोटीच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, हे कथिलाचं संयुग घातलेले रंग १९६० च्या दशकापासून जगभर वापरले जाऊ लागले. १९७० साली इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ खडकांवरच्या 'डॉग व्हेल्क' गोगलगायीच्या माद्यांना शिश्न फुटलेलं आढळलं. पाठोपाठ अमेरिकेतही हाच प्रकार दिसला, आणि १९७१ मध्ये त्याला 'इम्पोसेक्स' हे नाव मिळालं. मादी मादीच राहते, तिच्या पोटात अंडी असतात. पण वर उगवलेल्या नराच्या इंद्रियांमुळे अंडी बाहेर पडायची वाटच बुजते. अंडी आत अडकून मादी मरते. लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढं टीबीटीही परिणाम करायला पुरतं. हे विष गोगलगायीच्या पेशीतल्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतं, त्याचा शोध जपानी संशोधकांनी २००४ साली लावला.

आपल्याकडची नोंद गोव्यातलीच आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल यांनी १९९९ साली क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगायीत इम्पोसेक्स असल्याचं प्रसिद्ध केलं. कोकणचं नाव लावणारी, आपल्या खडकांवर वावरणारी ही जात. पुढे २००६ मध्ये त्याच गटाने गायरिनियम नॅटेटर ही दुसरी गोगलगाय भारतीय किनाऱ्यावर या विषाची खूण म्हणून वापरता येईल असं दाखवलं. बंदराचं पाणी किती विषारी झालं आहे, हे महागड्या यंत्राच्या आधी एका बोटभर गोगलगायीच्या मादीच्या अंगावर लिहिलेलं असतं. माझ्या लेखी ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर हे रंग बंद केले, ब्रिटनने १९८७ मध्ये. आंतरराष्ट्रीय करार २००१ ला झाला आणि २००८ च्या सप्टेंबरपासून अमलात आला. बंदीनंतर डॉग व्हेल्क परतल्या, पण सावकाश. कारण तिथेही तेच : तिच्या अंडपेटीतून पोहणारी अळी येत नाही, सरपटणारं पिल्लू येतं. जिथे ती पूर्ण नाहीशी झाली होती, तिथे शेजारच्या खडकांवरून हळूहळू सरकत यावं लागलं. शिवाय गोदीच्या चिखलात टीबीटी वर्षानुवर्षं टिकून राहतं. मुलाला सांगा, बोटीच्या बुडाचा जुना रंग खरवडताना निघालेला भुगा पाण्यात जाऊ देऊ नये, आणि स्वतःच्या नाकातोंडातही.

शंका : आम्हीही बेगम बाजारातलेच, सजावटीचे शंख-शिंपले ठेवतो. कोणता माल ठेवायचा नाही?

समाधान : २००१ पासून काही समुद्री शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत आणि त्यांचा व्यापार गुन्हा आहे. मोठा शिंगाळा 'हेल्मेट' शंख म्हणजे कॅसिस कॉर्नुटा, तुतारीसारखा लांब 'ट्रायटन', कप्प्यांचा नॉटिलस, राक्षसी शिंपल्याच्या काही जाती आणि बोटं फुटलेल्या लॅम्बिस शंखांतल्या बऱ्याच जाती त्यात येतात. यांतलं काही जुन्या मालात पडून असेल तर विक्रीला काढू नका; वनखात्याला विचारा. पूजेचा शंख आणि पैशाची कवडी या यादीत नाहीत. म्हणूनच त्यांची काळजी कायद्यावर सोडता येत नाही, ती विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने करायची. लहान शंखांचा ढीग स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका. त्यांतल्या कित्येकांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. ओठ न वळलेली, दात न आलेली कवडी घाऊक मालात दिसली, तर ती परत करा आणि पाठवणाऱ्याला कारण कळवा.